विसरलेल्या मशीनपासून सुरुवात करा

रजिस्टरमध्ये ११८ मशीनं होती. नेटवर्कवर मला १३१ दिसत होती.

नव्या नोकरीतला तो माझा दुसरा आठवडा होता. तेरा मशीनचा हिशेब लागेना, म्हणून वही घेऊन एकेक मजला पालथा घातला. बारा सापडली. कुणी घरून आणलेले लॅपटॉप, सभागृहातल्या प्रोजेक्टरचा संगणक, हजेरीचं यंत्र, नोंदच न झालेले दोन प्रिंटर. तेरावं सापडायला आणखी तीन दिवस गेले. सामानाच्या खोलीत, कागदाच्या खोक्यांमागे ते चालू होतं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, फक्त हिरवा दिवा लुकलुकत होता. कधीकाळी लेबलं छापायला बसवलं होतं. बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला, लेबलांचं काम बंद झालं, पण मशीनचं बटण कुणी बंद केलं नाही. त्यावर विंडोज ७ होतं, म्हणजे १४ जानेवारी २०२० लाच ज्याचा नियमित सपोर्ट संपला ते. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. आणि त्यावरून अकाउंट्स विभागाचं शेअर्ड फोल्डर थेट उघडत होतं.

संस्थेचे संगणक आणि मोबाइल सुरक्षित ठेवायचं काम मी तेव्हापासून याच टोकाकडून करते. आपण रोज पाहतो त्या मशीनची काळजी कशीबशी घेतली जातेच. घात होतो तो विसरलेल्या जागी. वापरात नसलेलं खातं, कुणी न पाहिलेला मेलचा नियम, कधीच उघडून न पाहिलेला बॅकअप. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने करा असा माझा आग्रह आहे, महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी.

आधी मोजदाद

यादी एकाच ठिकाणाहून काढू नका. राउटरने कुणाकुणाला आयपी पत्ता दिला त्याची नोंद, वाय-फायवर जोडलेली उपकरणं, अँटिव्हायरसच्या कन्सोलवरची नावं, खरेदीची बिलं आणि एचआरकडची कर्मचाऱ्यांची यादी, या पाचांचा मेळ घाला. मेळ न बसणारी प्रत्येक ओळ म्हणजे तुमचं पुढचं काम. राउटरला दिसतं पण अँटिव्हायरसला दिसत नाही, ते मशीन उघडं फिरतंय. बिलात आहे पण कुठेच दिसत नाही, तो लॅपटॉप हरवलाय किंवा कुणाच्या तरी कपाटात डेटासकट पडलाय.

साधी स्प्रेडशीट पुरते. वापरतं कोण, त्यावर काय आहे, सिस्टिमची कुठली आवृत्ती आहे, शेवटचं कधी दिसलं, आणि बंद करायचं झालं तर कुणाला विचारायचं. शेवटचा रकाना लोक टाळतात आणि नेमका तोच सगळ्यात उपयोगी पडतो. ज्या मशीनसमोर त्या रकान्यात नाव लिहिता येत नाही, ते विसरलेलं मशीन.

कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर, प्रिंटर, नेटवर्कवरचं स्टोरेज यांनाही यादीत घ्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड एकामागून एक लावून बघत. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साइट तासन्‌तास अडखळल्या. तेव्हा नवं उपकरण खोक्यातून काढलं की आधी पासवर्ड बदलायचा, मगच नेटवर्कला जोडायचं.

ज्या सिस्टिमचा सपोर्ट संपलाय ती बदला. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एखादं यंत्र जुन्या सिस्टिमवरच चालतं आणि बदलता येत नाही असंही असतं. ते वेगळ्या नेटवर्कवर टाका, इंटरनेट तोडा, आणि ज्या एकदोन मशीनशी बोलायची गरज आहे तेवढीच वाट उघडी ठेवा. पाहुण्यांचं वाय-फायही कामाच्या नेटवर्कपासून तोडलेलंच हवं.

मग खाती

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेवरच्या खात्यातून. ते कुणी वापरत नव्हतं, पण चालू होतं, आणि पासवर्डापलीकडे त्याला दुसरं कुलूप नव्हतं. एवढी मोठी पाइपलाइन त्या एका खात्यापायी थांबली.

म्हणून दर महिन्याला मी सगळ्या खात्यांची यादी शेवटच्या लॉगिनच्या तारखेनुसार लावते. पंचेचाळीस दिवसांत ज्याला हात लागलेला नाही ते खातं बंद करते. डिलीट करत नाही, फक्त बंद. कुणाला लागलं तर फोन येतोच. नोकरी सोडणाऱ्याची बातमी एचआरकडून त्याच दिवशी मिळाली पाहिजे, महिनाअखेरीला नव्हे. मेल, व्हीपीएन, क्लाउड, व्हॉट्सअ‍ॅपचे कामाचे ग्रुप, बँकेच्या पोर्टलवरचा युजर, आणि चारजण मिळून वापरतात ते पासवर्ड, सगळं त्या दिवशीच. बाहेरच्या व्हेंडरला खातं देताना ते कधी संपणार ती तारीख तेव्हाच टाका, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

उरलेल्या प्रत्येक खात्याला दुसरं कुलूप लावा. सुरुवात अ‍ॅडमिन खात्यांपासून, मग सगळ्यांचा मेल, मग व्हीपीएन. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नंबरचं दुसरं सिमकार्ड काढणारे ठग आहेत. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप चांगलं. सगळ्यात भक्कम म्हणजे पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली, पासवर्डाच्या जागी चालणारी डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की. ओटीपी तुम्ही खोट्या पानावर टाइप केलात तर ठग तोच लगेच खऱ्या पानावर टाकतो आणि आत शिरतो. पासकी मात्र साइटचा खरा पत्ता स्वतः तपासते. पत्ता चुकीचा असेल तर ती कामच करत नाही, समोरचा माणूस कितीही फसला तरी. गूगलने आपल्या ८५,००० हून जास्त कर्मचाऱ्यांना अशा की दिल्या, आणि त्यानंतर एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं फिशिंगने, म्हणजे अशा खोट्या पानांच्या फसवणुकीने, गेलं नाही असं २०१८ मध्ये सांगितलं. सगळ्यांना देणं जमत नसेल तर निदान अ‍ॅडमिन, अकाउंट्स आणि संचालकांना द्या.

लॉगिन करताना मोबाइलवर "मंजूर करा" एवढंच बटण येत असेल तर ती सेटिंग बदला. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा विनंत्यांचा भडिमार झाला आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. स्क्रीनवरचा आकडा बघून मोबाइलवर टाकायला लावणारी पद्धत निवडा, म्हणजे वैतागून बटण दाबण्याचा प्रश्नच उरत नाही.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती मी काढून टाकली आहे. लोक शेवटी १, मग २, मग ३ लावत जातात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासून अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको असंच म्हटलंय. लांब पासवर्ड हवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, आणि तो लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजरचं. फुटल्याचा संशय आला तर मात्र त्याच क्षणी बदला.

रोजचं काम अ‍ॅडमिन अधिकार असलेल्या खात्यातून कुणीच करायचं नाही. मीही नाही. माझी दोन खाती आहेत, मेल वाचायचं वेगळं आणि सर्व्हरवर जायचं वेगळं. सगळ्या मशीनवर एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवणं ही फार जुनी आणि फार घातक सवय आहे. एक मशीन पडलं की सगळी पडतात. विंडोजमध्ये लॅप्स नावाची सोय आता आतच मिळते. ती प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देते आणि ठरावीक दिवसांनी बदलते. एका दुपारचं काम आहे.

एका टिंबाचा नियम

मेलबद्दल एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

अकाउंट्समधले एक सहकारी सहज बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, त्या पुरवठादाराचे मेल हल्ली येईनासे झालेत. ते म्हणतात, आम्ही पाठवतोय." मी त्यांच्या मेलबॉक्सचे नियम उघडले. एक नियम होता, त्याचं नाव म्हणजे फक्त एक टिंब. यादीत नजर फिरवली तर दिसणारही नाही असं. आत लिहिलं होतं: विषयात किंवा मजकुरात बिल, पेमेंट, बँक यांपैकी काही असेल तर मेल वाचलेला म्हणून खूण कर आणि आरएसएस फीड्स या फोल्डरमध्ये हलव. तो फोल्डर कोण उघडतो? मी उघडला. आत एकोणचाळीस मेल होते. खऱ्या पुरवठादाराचे मेल तिथे जमा होत होते, आणि इनबॉक्समध्ये येत होते ते त्याच नावाच्या दुसऱ्याच पत्त्यावरून. पत्त्यात एम या अक्षराच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिलेले. घाईत वाचलं तर एमच वाटतो. ताज्या मेलमध्ये नव्या बँक खात्याचा तपशील होता, लेटरहेडवर, सहीसकट. पैसे दुसऱ्या दिवशी जाणार होते.

मेलबॉक्समध्ये कुणी शिरलंय असा संशय आला तर क्रम असा ठेवा. आधी पासवर्ड बदला, मग लगेच त्या खात्याची सगळी चालू सेशन्स, म्हणजे आधीच झालेली लॉगिन, तोडा. नुसता पासवर्ड बदलला तर आधीच आत बसलेला माणूस आतच राहू शकतो. मग दुसऱ्या कुलुपाची यादी बघा, त्यात अनोळखी फोन जोडलेला असतो. मग नियम, मग बाहेर फॉरवर्ड होण्याची सेटिंग, मग खात्याला परवानगी दिलेली अ‍ॅप. नियम काढायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि त्या मेलबॉक्समधून ज्यांना मेल गेले त्या सगळ्यांना फोन करा.

मी तेव्हापासून बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं संस्थेभर बंद ठेवलंय, आणि नवा नियम तयार झाला की मला सूचना येते. बँक खातं बदलल्याचा निरोप कुठल्याही मार्गाने आला तरी आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे हलत नाहीत. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आवाजही आता नकली करता येतो, म्हणून फोन आपणच लावायचा.

आपल्या डोमेनच्या नावाने दुसरं कुणी मेल पाठवू नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लागतात. आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं, ते पहिल्या दिवशी कडक करू नका. आधी फक्त अहवाल येऊ द्या, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवणाऱ्या आपल्याच विसरलेल्या यंत्रणा कळतात, पगारपत्रकांची, वेबसाइटच्या फॉर्मची. त्या नीट लावून झाल्या की मग संशयित मेल बाजूला टाकायला सांगा आणि शेवटी नाकारायला.

अपडेट

वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतले संगणक त्यात अडकले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिला होता.

माझी पद्धत साधी आहे. पॅच आला की आधी दहा मशीनवर, त्यात प्रत्येक विभागाचं निदान एक. दोन दिवस काही तक्रार नाही आली की सगळीकडे. आठवड्याच्या आत संपवायचं. मात्र फायरवॉल, व्हीपीएन आणि इंटरनेटला तोंड असलेला कुठलाही सर्व्हर यांना हा दोन दिवसांचा धीर नाही, ते आधी. कुठल्या त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जात आहेत याची यादी अमेरिकेची सीसा ही सरकारी संस्था सगळ्यांसाठी खुली ठेवते. तुमच्याकडचं काही त्यात दिसलं तर हातातलं काम सोडा. आणि अपडेट उतरून रीस्टार्टसाठी अडलेली मशीनं शोधा. कन्सोलवर ती हिरवी दिसू शकतात, पण पॅच लागलेला नसतो.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम, बंद. अँटिव्हायरस नुसता बसवून भागत नाही, त्याच्या सूचना रोज सकाळी नेमून दिलेल्या एका माणसाने वाचल्या पाहिजेत. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे तो चोरीला गेला तरी आतलं वाचता येत नाही, विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की मात्र त्याच लॅपटॉपच्या बॅगेत नको.

खिशातला संगणक

मोबाइलवर कामाचा मेल आला त्या दिवसापासून तो संस्थेचा संगणक झाला, मालकी कुणाचीही असो. पण फोन माणसाचा आहे, त्यात त्याचं घर आहे. त्याचे फोटो, त्याचे संदेश संस्थेने पाहायचे नाहीत आणि पुसायचे तर मुळीच नाहीत. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल म्हणून वेगळा कप्पा करता येतो. कामाची अ‍ॅप आणि डेटा तेवढ्या कप्प्यात राहतात, आणि माणूस सोडून गेला की तेवढाच कप्पा पुसता येतो. आयफोनवरही कामाचा डेटा असाच वेगळा ठेवायची सोय आहे. हे सगळं एमडीएम, म्हणजे दुरून मोबाइल सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून होतं. ते लावायच्या आधी लोकांना बसवून दाखवा की आम्हाला काय दिसतं आणि काय दिसत नाही. मी माझाच फोन पडद्यावर लावून कन्सोल उघडून दाखवला. त्यानंतर विरोध मावळला.

एमडीएममधून अटी मोजक्याच घाला. सहा आकडी तरी पिन, एन्क्रिप्शन, सुरक्षा अपडेट मिळत असलेलाच फोन, आणि अधिकृत स्टोअरबाहेरचं अ‍ॅप नाही. फोनला कंपनी अपडेट कधीपर्यंत देणार ती तारीख यादीत लिहा. चांगला चालणारा फोन अपडेटविना झालेला असतो आणि ते कुणाला कळत नाही. मेसेजमधून आलेली एपीके फाइल (ती उघडली की अँड्रॉइडवर नवं अ‍ॅप बसतं) कधीच उघडायची नाही, आणि अनोळखी अ‍ॅपने अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर नकार द्यायचा. ती एक परवानगी दिली की अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं, बटणं दाबू शकतं, ओटीपीही उचलू शकतं.

फोन हरवला तर पहिल्या तासात तीन गोष्टी: सिम ब्लॉक, रिमोट लॉक, आणि त्या माणसाची सगळी लॉगिन तोडणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण फोन इंटरनेटवर आला नाही तर लॉक किंवा पुसायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही, लॉगिन मात्र आपल्या बाजूने तुटतं. ऑथेंटिकेटर त्याच फोनमध्ये असतो, म्हणून रिकव्हरी कोड आधीच छापून बंद पाकिटात ठेवलेले हवेत.

बॅकअप उघडून बघा

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. हा नियम सगळ्यांना पाठ आहे. मी त्यात एक भर घालते: एक प्रत अशी हवी की अ‍ॅडमिनचा पासवर्ड हातात असलेल्या माणसालाही ती पुसता येऊ नये. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आत आले की आधी बॅकअप शोधतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, जगभर पुसले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांनी सगळं पुन्हा उभारलं. बंद असलेली, तोडलेली प्रत म्हणजे काय ते यावरून समजावं.

माझा स्वतःचा अनुभव कडू आहे. आमचा बॅकअप रोज रात्री दोनला चालायचा आणि सकाळी "यशस्वी" असा मेल यायचा. मी तो मेल वर्षभर वाचला. मग एका शनिवारी रिकाम्या मशीनवर सगळं परत उतरवून पाहिलं. फाइली आल्या, अकाउंट्सचा डेटाबेस उघडेना. तो चालू असतानाच त्याची फाइल नुसती कॉपी होत होती, त्यामुळे प्रत अर्धवट लिहिलेली आणि निरुपयोगी. वर्षभरातली एकही प्रत चालली नाही. त्या संध्याकाळी मी डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप कमांडने प्रत काढली, ती उतरवून उघडून पाहिली, आणि मगच घरी गेले.

आता दर तीन महिन्यांनी मी घड्याळ लावून रिस्टोअर करते. काय आधी उभं करायचं तेही लिहून ठेवलंय: आधी लॉगिन, मग मेल, मग अकाउंट्स, बाकी नंतर. पहिल्यांदा अकरा तास लागले होते. हा आकडा संचालकांना सांगा. तेवढा वेळ काम बंद चालेल की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं.

क्लिक झालं तर

कुणीतरी क्लिक करणारच. मीही एकदा घाईत केलंय. प्रश्न एवढाच की तो माणूस तुम्हाला दहा मिनिटांत सांगतो की दोन दिवसांनी. ज्या विभागात चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं जातं, तिथून मला फोन येत नाहीत, आणि मला भीती त्याच विभागाची वाटते. मेलचे नियम सापडले ते त्या सहकाऱ्यांनी बोलून दाखवलं म्हणून. मी त्यांच्या साहेबांना लेखी कळवलं की यांच्यामुळे पैसे वाचले.

प्रत्येक टेबलाजवळ एक छापील कागद लावलाय. मेल बंद पडल्यावर मेलमधल्या सूचना कामाच्या नसतात, म्हणून छापील. त्यावर मोठ्या अक्षरात: नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा. संगणक बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. काही डिलीट करू नका. वेळ लिहून ठेवा. या नंबरवर फोन करा. खाली माझा नंबर, माझ्या बदलीच्या सहकाऱ्याचा नंबर, बँकेचा फसवणूक कळवायचा नंबर. दर तिमाहीला रिस्टोअर झालं की मी त्या नंबरांवर एकेक फोन लावून बघते आणि कागद नव्याने छापते. मागच्या खेपेला एक नंबर बंद निघाला.